बोर्काचं नाक

हिवाळ्यातल्या तापातून एतेल्का उठली खरी, पण तिला वास येईनासा झाला. कॉफी नुसती कढत पाण्यासारखी लागायची. मांसाला धुरी द्यायच्या खोलीत शिरलं की डोळे चुरचुरायचे, नाकाला मात्र पत्ता नसायचा. तिने हे कुणालाच सांगितलं नाही. होलोद गावात सॉसेज म्हणजे एतेल्काचंच. नवऱ्यामागे मटणाचं दुकान तिनेच चालवलं होतं आणि शरदातल्या जत्रेतली सॉसेजची स्पर्धाही किती वेळा जिंकली होती.

तिचा दीर वेंडेल मात्र तिला हरवायला टपूनच होता. जत्रेच्या सकाळी मांडवात त्याने शेजारचंच टेबल धरलं.

“वहिनी, हात थरथरतायत तुमचे. घरी बसून नूडल्स लाटा की!”

“तुझी जीभ थरथरत नाही, हेच वाईट,” एतेल्का म्हणाली.

तिचा मुलगा ट्रक घेऊन जर्मनीत अडकलेला, म्हणून जोडीला सून आली होती. बोर्का शहरातली. डुक्कर कापायच्या दिवशी ती माहेरी पळाली होती, तेव्हापासून दोघींचं बोलणं जेवणापुरतंच.

स्पर्धा सुरू झाल्याचा भोंगा वाजला. एतेल्काने खिम्यात मीठ टाकलं, ठेचलेल्या लसणाचं पाणी ओतलं, शहाजिरं भुरभुरलं. मग पापरिकाची, म्हणजे गोड लाल मिरचीच्या पुडीची पिशवी उघडून ती उपडी करणार, तेवढ्यात बोर्काने तिचं मनगट धरलं.

“आई, थांबा! ओल्या पोत्यासारखा वास येतोय याला.”

एतेल्काने पिशवी नाकाशी नेली. काहीच नाही. रंग तर लालभडक होता.

“तुम्हाला येत नाहीये?” बोर्काने हळूच विचारलं.

एतेल्काने मान खाली घातली. “तापापासून कशाचाच येत नाही.”

“आणि एवढे महिने बोलला नाहीत? अहो, घरात माणसं आहोत ना आम्ही!”

तिने एप्रन सोडला आणि ती जत्रेतल्या मिरचीवाल्या बायकांकडे धावत सुटली. वेंडेल हसला. “पळाली बघा सून. परत माहेरी!”

बोर्का धापा टाकत आली ती नवी पिशवी छातीशी धरून. “पाच ठिकाणी हुंगली. हिला उन्हात वाळलेल्या गोड मिरचीचा वास आहे. जराही करपलेली नाही.”

“घाल,” एतेल्का म्हणाली. “आणि बाह्या वर कर. आता तुझं नाक आणि माझे हात.”

दोघी कोपरापर्यंत खिम्यात बुडाल्या. एतेल्का विचारायची, बोर्का सांगायची.

“आता कसा येतोय?”

“लसूण एकदम अंगावर येतोय. कच्चा.”

“मुरला नाही अजून. मळ.”

“आता मिरची पुढे आलीय. पण शहाजिरं कुठे दिसत नाही.”

“चिमूटभर घाल. आता?”

बोर्का डोळे मिटून वाकली आणि एकदम हसली. “आई, आता वेगवेगळं काही सांगताच येत नाही. नुसती भूक लागतेय.”

“झालं तर मग!” एतेल्काने टेबलावर थाप मारली. “आण आतडी.”

खिमा आतड्यांत सरसर भरत गेला. एतेल्काच्या बोटांखाली सॉसेज घट्ट, गुळगुळीत उतरत होतं. कुठे हवेचा बुडबुडा नाही की कुठे सुरकुती. हात तिचे थरथरत नव्हते. बघ्यांची गर्दी त्यांच्या टेबलाभोवती दाटली.

परीक्षकांनी तळलेला तुकडा तोंडात टाकला. त्यातल्या म्हाताऱ्याने दुसरा उचलला, मग तिसराही. सहकाऱ्याने त्याच्या हातावर चापट मारली, तेव्हा सगळा मांडव हसला.

पहिला नंबर पुकारला तो एतेल्काचा. ती मंचावर गेली, पण लाकडी ढाल तिने बोर्काच्या हातात दिली आणि माईक ओढून घेतला.

“मंडळी, मला वास येत नाही. एवढे महिने लाजेने लपवलं. आजचं सॉसेज माझ्या सुनेच्या नाकाने जिंकलंय!”

बाकांवर मुठी आपटत सगळा मांडव “बोर्का! बोर्का!” ओरडू लागला.

खाली उतरताना वेंडेल आडवा आला. “सूनबाई, पुढच्या वर्षी माझ्या टेबलावर येशील का?”

“काका, तुमचं नाक शाबूत आहे ना? मग वापरा की!”

एतेल्का इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. अकॉर्डियनवाल्याने सूर धरला आणि कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांनीच तिने सुनेला नाचायला ओढलं.