महांतप्पाची भोकाची खुर्ची

आमचा आजा महांतप्पा सुतार लई वांड. साठ सालच्या सुमाराला एका सरपंचानं त्याला खुर्च्या करायला सांगितल्या, तर ह्यानं सरपंचाची आन् अर्ज घेऊन येणाऱ्याची खुर्ची एकाच उंचीची केली. सरपंचानं सगळ्या परत धाडल्या. आजा म्हणाला, मग उभंच राहा की.

आता पुण्याहून अर्पिताबाई आमच्या गावाला, अणदुरात आल्या. जुन्या फर्निचरचं प्रदर्शन भरवणार, त्यात आजाचं नाव भिंतीवर लागणार. जिता होता तवर कुणी चहाला विचारलं न्हाय, आन् आता एकदम भिंत. मी माहेरी आलेच होते. माझा भाऊ उमाशंकर तर सकाळपासून दाढी करून तयार.

बाईंना आवडली नेमकी माळवदावरची सागवानी खुर्ची. डावा हात उंच, उजवा खाली, बैठकीला मधोमध भोक. बाई तिच्याभोवती फेऱ्या मारायला लागल्या. असं धाडस त्या काळी कुणी केलंच नव्हतं म्हणे. पानभर लिहून काढलं. भोक कशासाठी, असं विचारलं तर उमाशंकर म्हणतो, उन्हाळ्यात हवा लागावी म्हणून. माझं डोस्कंच फिरलं.

खरं सांगायचं तर लाज मलाबी होतीच. मला बघायला पाहुणे येणार होते तवा ती खुर्ची जळणाखाली दडवली ती मीच. पण आजानं जन्मात केलेलं सगळ्यात शहाणं काम ते, आन् त्याला हवा?

"बाई, ती संडासची खुर्ची हाय," म्या म्हटलं. "आजीचं खुब्याचं हाड मोडलं, तिला उकिडवं बसता येईना. सुना धरायला गेल्या की रडायची. आजानं आठ दिवसांत ही केली. तिचा उजवा हात वर जात नव्हता, म्हणून खुर्चीचा त्या बाजूचा हात खाली. मरेपर्यंत चार वर्षं तिनं कुणाला धरू दिलं न्हाय."

उमाशंकर मान खाली घालून जिना उतरला. गेलं प्रदर्शन, गेली भिंत, असंच मला वाटलं. बाईंनी लिहिलेलं पान टराटरा फाडलं आन् आजीचं नाव विचारलं.

"शांताक्का."

कोऱ्या पानावर त्यांनी एकच ओळ लिहिली, ती मला वाचून दाखवली: संडासची खुर्ची, शांताक्कासाठी.

"शुभांगीताई, पाटीवर एवढंच लावलं तर चालेल?"

मी व्हय म्हटलं, आन् खुर्चीपुढं उभ्या उभ्या ढसाढसा रडले.