पंधरा बहमन

बेंबळीला सासुरवाडीत पंगत बसली की बंडप्पाचं लक्ष आपल्या ताटात नसे. सासरे महांतप्पा धाकट्या जावयाच्या, मल्लिनाथच्या, ताटात आग्रहानं वाढायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "पहिल्या झटक्यात ओव्हरसियर झाला बघा, सोलापुरात!"

थोरला जावई बंडप्पासुद्धा ओव्हरसियरच होता, पण ते कुणी सांगत नसे.

बंडप्पा निजामाच्या तामीरात खात्यात होता. रस्ते, मोऱ्या बांधायचं सरकारी काम. तिथं दहा वर्षं मिस्त्रीगिरी केल्याशिवाय ओव्हरसियरच्या परीक्षेला बसू देत नसत, आणि परीक्षा सगळी उर्दूत. तिशी उलटलेल्या बंडप्पानं मौलवीसाहेबांपुढं मांडी घालून अलिफ-बे गिरवलं. दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा पास झाला तेव्हा कानशिलं पिकली होती. मल्लिनाथचं गाव तामलवाडी. तिथून सरहद्द ओलांडली की इंग्रजांचा मुलूख. सोलापुरात मामाकडं राहून तो शिकला, अन् चोविसाव्या वर्षी सर्टिफिकेट घेऊन मोकळा झाला. ना दहा वर्षांची अट, ना उर्दू. मोरी तीच, चुनाही तोच. साहेब तेवढा वेगळा.

चव्वेचाळीस साली मल्लिनाथच्या बापाला लकवा झाला. एकुलता एक लेक, त्याला घरी यावंच लागलं. इकडं नोकरी बघू लागला तर कळलं, सोलापूरचं सर्टिफिकेट इथं चालत नाही. तो मुल्की होता, इथलाच जन्म, म्हणून दहा वर्षांची अट माफ झाली. पण उर्दूतली परीक्षा सुटली नाही.

तो बंडप्पाकडं आला. "अण्णा, मला शिकवा. तुमच्याबिगर कोण हाय?"

ते ऐकून बंडप्पाला आतून गुदगुल्या झाल्या. त्यानं जीव लावून शिकवलं. पण मल्लिनाथ दोन महिन्यांत घडाघडा वाचू लागला, तसा बंडप्पा बोटांवर हिशेब करू लागला. आपल्याला हेच शिकायला तीन वर्षं लागली होती.

हिवाळ्याच्या तोंडाला परीक्षेचा इश्तेहार निघाला. अर्जाची शेवटची तारीख होती पंधरा बहमन. गावात सगळे कार्तिक-मार्गशीर्ष म्हणत. बहमनसारखे निजामाचे फसली महिने फक्त कचेरीत चालत.

"अण्णा, बहमन म्हंजी इंग्रजी कोणता?" मल्लिनाथनं विचारलं.

पंधरा बहमन म्हणजे डिसेंबरचा तिसरा आठवडा. जिभेवर आलेलं उत्तर बंडप्पानं गिळलं. "जानेवारी," तो म्हणाला. "लई वेळ हाय अजून. आदी अभ्यास कर."

जानेवारीत मल्लिनाथ अर्ज घेऊन कचेरीत गेला. कारकुनानं अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. तसाच तो बंडप्पाच्या दारात येऊन टेकला.

"मुदत कवाच सरली म्हणं. तुमच्याकडून चुकून झालं आसंल, अण्णा. महिनेच तसले."

तो गेल्यावर बंडप्पाची बायको महानंदा चुलीपासून उठून आली. "अकरा वर्सं झाली तुमच्यासंगं," ती म्हणाली. "बहमनात मोरी संपवायची, इस्फंदारात खडी टाकायची, हेच ऐकत आले. बहमन कवा येतो, ते मलाबी ठावं हाय."

बंडप्पा जोड्यावरची धूळ झटकू लागला.

"माझ्या पाठच्या बहिणीचा संसार हाय त्यो," एवढंच बोलून ती आत गेली. त्या दिवसापासून तिनं त्याला वाढलं, पण समोर बसली नाही.

तीन दिवस त्यानं ते सोसलं. चौथ्या दिवशी सायकल काढून तामलवाडी गाठली. मल्लिनाथ बापाला भिंतीशी टेकवून पेज भरवत होता.

"म्या जाणून खोटं सांगितलं," बंडप्पा उंबऱ्यातूनच म्हणाला. "तुझं बरं झालेलं बघवंना मला."

मल्लिनाथनं चमचा खाली ठेवला. बराच वेळ तो बापाच्या हनुवटीवरचं ओघळलेलं पुसत राहिला.

"शिकवताना काय खोटं शिकिवलं का, अण्णा?"

"न्हाय. देवाशप्पत न्हाय."

"मंग जावा आता."

शिव्या दिल्या असत्या तर बंडप्पाला बरं वाटलं असतं.

पुढची परीक्षा वर्षानं होती. तोवर नोकरीवाचून निभेना, तेव्हा मल्लिनाथ पुन्हा इंग्रजी मुलखात गेला, बार्शीकडं. बापाची उस्तवार त्याच्या बायकोवर, एकट्या शिवम्मावर पडली. उन्हाळ्यात म्हातारा गेला तेव्हा लेक पोचायला एक दिवस उशीर झाला. बंडप्पा मातीला गेला होता. त्याच्याशी कुणी बोललं नाही. मल्लिनाथनं नुसती मान हलवली.

पुढं दोन वर्षांनी बंडप्पा कामानिमित्त बार्शीला गेला. वाटेत ओढ्यावर नवा पूल दिसला. चौकशी केली तर मल्लिनाथनंच बांधलेला. बंडप्पा सायकल टाकून ओढ्यात उतरला. कमानीखाली उभा राहून एकेक दगड बघितला, सांध्यात नख घालून पाहिलं, कडेला कुठं ओल धरलीय का ते हात फिरवून चाचपलं. वरून दोन गाड्या धडधडत गेल्या तेव्हा कान लावून ऐकलं.

कुठं केसाएवढी फट नव्हती. तो आणखी एकदा पहिल्या दगडापासून बघू लागला.