पाय ठेवायचा डबा

पाट्या आणि कार्डं छापायचं आमचं दुकान. डिझाइनं सगळी माझ्या नवऱ्याच्या हातची, कॉम्प्युटरवर केलेली. धाकटा दीर गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, बस्स. भाऊ होता तोवर त्याने माऊससुद्धा धरला नव्हता. नवरा गेल्यावर मी कॉम्प्युटरपाशी बसले, तर म्हणतो कसा, "वहिनी, तुम्ही फक्त धूळ पुसा. बटणाला हात लावायचा नाही."

तेव्हाच ठरवलं, याचं उट्टं काढलं नाही तर नवऱ्याचं नाव लावणार नाही.

दुसऱ्याच दिवशी मागच्या गल्लीतला क्लास लावला. हौस कसली, राग होता नुसता. शिकवणाऱ्या पोरीने तिथल्या कॉम्प्युटरच्या खालच्या डब्याचं झाकण उघडलं. पडदा नुसता दाखवतो, म्हणाली, काम सगळं इथे चालतं. हा प्रोसेसर. ही रॅम, म्हणजे ओटा; वीज गेली की साफ. ही हार्ड डिस्क, म्हणजे फडताळ. ठेवलेलं तिथेच राहतं.

"आणि ऑपरेटिंग सिस्टीम?"

"घरातली थोरली सून. कुणाच्या डोळ्यात भरत नाही, पण ती उठल्याशिवाय घरातलं पान हलत नाही."

नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच मी पोट धरून हसले.

पुढे दुकानाची वाटणी निघाली, सासरे मध्ये बसले. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. डिझाइनांची निदान एक प्रत तरी मिळावी. नवऱ्याचं तेवढंच तर मागे उरलं होतं. दिराने मोठ्या पडद्यावर हात ठेवला. "कॉम्प्युटर माझा. वहिनींना तो खालचा बॅटरीचा डबा द्या. पाय ठेवायला बरा."

आंधळा मागतो एक डोळा! हसू दिसू नये म्हणून मी मान खाली घातली. सासऱ्यांच्या देखत विचारलं, "नक्की ना, भावोजी? मागाहून कुरकुर नको."

"न्या हो तुम्ही!"

मी एक जुना पडदा विकत आणून माझ्या खोलीतच टेबल मांडलं. जुनी गिऱ्हाइकं आपली पाटी शोधत येऊ लागली. मग एक दिवस दीरच दारात उभा.

"वहिनी, नवा डबा आणला. चालू होतो, पण आत दादाचं काहीच नाही हो. तेवढी डिझाइनं द्या."

दया आली नाही. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. खुंटीवरचं फडकं काढून मी त्याच्या हातात दिलं.

"पुसा," म्हटलं. "बटणाला हात लावायचा नाही."