सुईशेपटीचा पुरावा

मिस्बाहला आमच्या पक्षीवाल्या ग्रुपनं खोटं पाडलं, त्यात माझाच आवाज सगळ्यांत मोठा. मी हर्षला, खालापूरची. फोटो नाही तर पक्षी नाही, हा माझा कायदा! मिस्बाहची जवळच्या चौक गावात बेकरी आहे. गेल्या वर्षी ती म्हणाली, गावामागच्या तलावावर सुईशेपटी पाकोळी बघितली, म्हणजे शेपटीला सुयांसारखी टोकं असलेला तो दुर्मिळ पक्षी. आपल्याकडे? काहीही!

परवा ती दुकानातूनच फोनवर म्हणाली, "एकदा येऊन तरी बघ गं. नाय दिसली तर दुर्बीण भाचीला देऊन टाकते. पक्ष्यांचं नावच नाय काढणार परत."

आता एवढं म्हटल्यावर गेले बाई. संध्याकाळी तलावावर साध्या पाकोळ्यांचा नुसता कल्ला चाललेला.

"ह्या चिरचिरतात, फडफडत गोल फिरतात," मिस्बाह म्हणाली. "ती गप येते, सरळ येते. आवाज येतो तो फक्त पंखांचा, तो ऐकायचा."

ती फोटोला थांबत नाही, म्हणून मी मोबाईलवर आवाज टिपायचा असं ठरलं.

"आणि तोंड बंद ठेव," मिस्बाहनं बजावलं. मला म्हणजे रागच आला.

डासांनी पाय फोडून काढले. चल घरी, म्हणणार तेवढ्यात डोक्यावरून झूऽऽम! मी मटकन खालीच बसले. काळीभोर, दांडगी पाकोळी! पाण्याला चोच लावली, वळली, आणि पसरलेल्या शेपटीच्या कडेला बारीक सुया स्पष्ट दिसल्या.

"बघितलंस ना? बघितलंस ना गं?" मिस्बाह हसत होती आणि रडतही होती. मी तिला घट्ट मिठी मारली. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या पक्ष्याचा कधी झाला नव्हता.

मग रेकॉर्डिंग लावलं. पंखांचा आवाज कुठे म्हणून नाही. नुसती मी: "अगं बाई गं! सुया! आईशप्पथ, सुईशेपटी!"

मिस्बाहचा चेहरा पडला. "गेलं. आता कोण मानणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तेच ग्रुपवर टाकलं. लगेच विलासकाकांचा फोन. आमच्या ग्रुपमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"पाकोळी काय ऐकू आली नाय. पण तू कावळ्याचासुद्धा फोटो मागतेस. तू एवढी बोंबललीस म्हणजे ती होतीच! मिस्बाहला दे फोन, माफी मागायचीय."

मिस्बाहनं ओढणीनं डोळे पुसले, फोन घेतला.

"जरा थांबा काका," ती म्हणाली. "आधी हर्षलाची येऊ दे. ती रांगेत पुढं हाय."