धर्माचा रकाना

"रिलिजन?" वैजयंतीनं फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं.

"पेगन."

पेन थबकलं. तिनं वर पाहिलं. खुब्याचं हाड मोडून आलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ऑलवेन प्राइस, पांढरी सैल वेणी खांद्यावर टाकून, भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज तिच्याकडे बघत होत्या.

"सॉरी?"

"पेगन, लव्ह. झाडं, ऋतू, चंद्र यांना मानणारे आम्ही. घाबरू नकोस, कोंबडं कापत नाही." त्या हसल्या, आणि खुबा दुखला म्हणून हसणं अर्ध्यावर सोडून कळवळल्या.

वैजयंतीही कसनुसं हसली. तो शब्द तिच्या कानात उतरला तो थेट नागपूरहून. चौथीत असताना ती केसांत चाफ्याचं फूल खोचून कॉन्व्हेंटमध्ये गेली होती, आणि 'पेगन हॅबिट्स' म्हणत सिस्टरनी तळहातावर पट्टी ओढली होती. अर्थ कळायच्या आधी त्या शब्दाचा वळ कळला होता तिला. असला शब्द कुणी स्वतःच्या नावापुढे लावून घ्यावा? आणि आपण तो लिहून द्यावा? उद्या नर्स वाचतील, डॉक्टर वाचतील, पाठ फिरली की हसतील. म्हातारी एकटीच दिसते. बोलून जाते काहीबाही.

तिनं रकाना मोकळा सोडला.

कार्डिफच्या त्या हॉस्पिटलात वैजयंती वॉर्ड क्लार्क होती. एजन्सीतर्फे लागलेली, कायम करायचं की नाही ते एप्रिलातल्या मुलाखतीत ठरणार होतं. डेस्कवर येऊन ती फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायला बसली. धर्मांच्या यादीत पेगन नव्हतंच. 'इतर' निवडून पुढं टाइप करावं लागलं असतं. यादीत सगळ्यात वर होतं 'चर्च इन वेल्स'. झोपलेल्या पोराच्या उघड्या पाठीवर पांघरूण ओढावं तशा मायेनं तिनं त्यावर क्लिक केलं. आणि तिला बरं वाटलं.

ही गोष्ट मार्च २००८ मधली, दुसऱ्या आठवड्यातली.

ऑलवेनबाईंचा पलंग खिडकीशी होता. आयुष्यभर त्यांनी दऱ्याखोऱ्यांतल्या गावांतून फिरत्या लायब्ररीची गाडी चालवली होती. लग्न केलं नाही, मूल नाही. एक भाचा तेवढा. जाता-येता त्या वैजयंतीला थांबवायच्या. शुक्रवारी दुपारी चार वाजता त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. निळसर आभाळात अर्धा चंद्र, धुतल्या कपड्यावर राहिलेल्या साबणाच्या डागासारखा.

"किती दिवसांचा झाला गं?"

"आज अष्टमी," वैजयंती म्हणाली. सासूबाई पुण्याहून दरवर्षी कॅलेंडर पाठवत. संकष्टीसाठी ती तिथ्या बघायची. "आठवा दिवस. पौर्णिमा एकवीसला."

"अरे वा! इथल्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी मेमरी टेस्ट घेतली माझी." ऑलवेनबाई खूश झाल्या. "मग पौर्णिमेला तुम्ही काय करता?"

"या पौर्णिमेला होळी. लाकडं पेटवतो. आणि बोंब मारतो."

"म्हणजे?"

वैजयंतीनं इकडेतिकडे पाहिलं, ओठांवर उलटा हात धरला आणि अगदी हळू आवाजात करून दाखवलं. ऑलवेनबाईंनी लगेच नक्कल केली, पण मोठ्यांदा. समोरच्या पलंगावरची आजी दचकली. वॉर्ड मॅनेजर दारातून डोकावली, "एव्हरीथिंग ओके?" आणि दोघी लहान मुलींसारख्या गप्प झाल्या.

"छान आहे तुझा धर्म," ऑलवेनबाई कुजबुजल्या. "ओरडायला परवानगी आहे. आमचा ऑस्ताराचा सण वीसला. दिवस आणि रात्र अगदी सारखे. कांद्याच्या सालींत अंडी उकडतो, सुंदर लालसर रंग चढतो. मग डोंगरावर जाऊन एक मातीत पुरायचं, एक वाटून खायचं. तेवीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही मी. या वर्षी माझी मैत्रीण मेरियल माझं अंडं इथं आणेल. हातात देईल, आमचे चार शब्द म्हणेल. त्यानंतर मी गेले तरी माझी काही तक्रार नाही." त्यांनी वैजयंतीचं मनगट धरलं. "फक्त पाद्री नको हं जवळ. माझा भाचा ग्लिन ओढून आणेल बघ एखादा. पण तू लिहिलं आहेस ना कागदावर? मग त्याचं काही चालायचं नाही."

"हो," वैजयंती म्हणाली. "लिहिलंय."

त्या दिवशी घरी जाण्यापूर्वी तिनं रेकॉर्ड उघडलं. पण एकदा भरलेला रकाना बदलायचा तर कारण द्यावं लागे आणि वॉर्ड मॅनेजरचा पासवर्ड लागे. मॅनेजर विचारणार, मग आधी चर्च कुणी सांगितलं होतं? काय सांगायचं? माझ्या मनानं लिहिलं? मुलाखत तोंडावर आलेली. सोमवारी बघू, म्हणून तिनं स्क्रीन बंद केला. सोमवारी लेकीला, तनूला, ताप होता. मंगळवारी फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. बुधवारी ऑलवेनबाईंच्या छातीत कफ भरला आणि त्यांचं बोलणं गेलं.

गुरुवारी, वीस तारखेला, दुपारी मेरियल आली. उंच, सत्तरीची, रेनकोटातली बाई. लोकरी मोज्यात गुंडाळलेलं अंडं तिनं तळहातावर पाखरू धरावं तसं धरलं होतं. पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता. ईस्टरचा आठवडा, हॉस्पिटलचे पाद्री यादी घेऊन पलंगापलंगाशी फिरत होते. पडद्याआडून त्यांचा मऊ आवाज येत होता.

"बाहेर बोलवा त्यांना," मेरियल म्हणाली. "चुकीच्या माणसाकडे गेलेत ते."

वॉर्ड मॅनेजरनं कॉम्प्युटर पाहिला. "रेकॉर्डला चर्च आहे. भाच्याचंही तेच म्हणणं आहे, आणि जवळचा नातेवाईक म्हणून नोंद त्याचीच आहे. आय ॲम सॉरी, माझे हात बांधलेले आहेत."

"ऑलवेन? चर्च?" मेरियल हसली. मग कुणीच हसत नाही हे पाहून ती सरळ डेस्कशी आली. "हे कुणी लिहिलं?"

मॅनेजर शेजारीच उभी होती.

"पेशंट सांगतात तेच आम्ही लिहितो," वैजयंती म्हणाली.

मेरियल तिच्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्यात संशय नव्हता, हेच वाईट होतं.

"म्हणजे घाबरली," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "शेवटी घाबरतात माणसं. मला तरी सांगायचं होतंस गं, ऑलवेन." अंडं तिनं पुन्हा मोज्यात सरकवलं, मोजा खिशात घातला, आणि पडद्याकडे न बघता निघून गेली.

संध्याकाळी वैजयंतीनं पुरणाची डाळ शिजत घातली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. पुरुषोत्तम लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता.

"कुणाला बोललीस का?"

"नाही."

"मग बोलूही नकोस. वैजू, तीन आठवडे राहिलेत मुलाखतीला. आणि तू काय वाईट हेतूनं केलंस का?"

"हेतूचं काय घेऊन बसलास? तिनं मला विचारलं होतं, लिहिलंस ना म्हणून."

"ती काय उद्या उठून बघायला येणारे?" तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्यानं लॅपटॉप मिटला.

"मम्मा," सात वर्षांची तनू स्वयंपाकघरात आली, "आपला होळी कुठे जाळणार?"

"आपली होळी. मंडळाच्या हॉलमध्ये, शनिवारी."

"रिअल फायर?"

"नाही गं. फायर अलार्म वाजतो. पुठ्ठ्याची आहे. वर नारिंगी कागद."

"दॅट्स सो लेम," तनू म्हणाली. तिच्या बापाला हसू आलं. वैजयंती डाळ घोटत राहिली, गुळगुळीत झाल्यावरही कितीतरी वेळ.

ईस्टरची सुट्टी संपवून मंगळवारी ती कामावर गेली, तेव्हा खिडकीशी दुसरीच बाई होती. ऑलवेनबाई शुक्रवारी संध्याकाळी गेल्या. पौर्णिमेला. मेरियलचा नंबर कुठल्याच कागदावर नव्हता. कागदावर फक्त भाचा होता.

तो दुपारी सामान न्यायला आला. ग्लिन पन्नाशीचा, नीट भांग पाडलेला, सौम्य माणूस. मावशीचा चष्मा, चपला, चंद्राच्या कला छापलेली डायरी पिशवीत भरून त्यानं सही केली. वैजयंतीनं दार लोटलं.

"मिस्टर ग्लिन, एक सांगायचंय. तुमच्या मावशींनी मला चर्च सांगितलं नव्हतं. पेगन सांगितलं होतं. मी बदललं. चूक माझी आहे. अजून फ्युनरल व्हायचंय, तेव्हा..."

तिला वाटलं होतं तो चिडेल. ओरडेल, तक्रार करेल, नोकरी जाईल. त्या सगळ्याची तयारी तिनं बसमध्येच केली होती.

ग्लिननं पिशवी खाली ठेवली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"थँक यू," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "माझी आई मरेपर्यंत बहिणीसाठी झुरली. डोंगरावर अंडी पुरणारी बहीण! गावात तोंड दाखवायची लाज वाटायची तिला. तुम्हाला जे कळलं ते मावशीला कधी कळलं नाही."

"नाही, तसं नव्हतं. त्यांना खरंच..."

"हे आपल्यातच राहू दे. तुम्हाला त्रास होईल असं मी काही करणार नाही." त्यानं तिचे हात थोपटले. "दोन तारखेला या. प्लीज. आमच्याकडून फार माणसं नाहीत."

ती गेली, कारण मेरियलला गाठायचा दुसरा रस्ता तिला माहीत नव्हता. त्या बुधवारी तिची ड्युटी दोनला होती. क्रिमेटोरियमच्या फाटकाशी पोचली तेव्हा थंड पाऊस भुरभुरत होता. गवताच्या कडेला सहा बायका उभ्या होत्या, त्यांत मेरियलही, पण ती त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच ग्लिन पुढं आला आणि दंडाला धरून तिला आत घेऊन गेला. थेट पुढच्या बाकावर. आत सगळी मिळून आठ माणसं. बाहेरच्या सहाजणी बाहेरच राहिल्या.

पाद्री शांत, प्रेमळ आवाजात बोलले. ऑलवेन वाटेवरून लांब गेली होती, ते म्हणाले, पण हॉस्पिटलात दाखल होताना तिनं स्वतःच्या तोंडानं चर्चचं नाव घेतलं. लेखी घेतलं. उशिरा परतणाऱ्यांसाठीही दार उघडं असतं. ग्लिननं रुमाल डोळ्यांना लावला. बाकावर कुणी हलकेच 'आमेन' म्हणालं. वैजयंतीला उठून उभं राहायचं होतं. तिनं पायांत जोर आणला. पण समोर सागवानी पेटी होती, आणि तिच्यावर लिलीची पांढरीशुभ्र फुलं इतकी व्यवस्थित रचली होती की तिच्यानं उठवलंच नाही.

बाहेर आल्यावर मात्र ती सरळ गवताकडे गेली. मेरियलनं तिला ओळखलं.

"वॉर्डवरच्या ना तुम्ही? आलात. बरं झालं," ती म्हणाली. "तिला आवडलं असतं."

"त्यांनी पेगनच सांगितलं होतं." वैजयंती एका दमात बोलली. "मला. अगदी स्पष्ट. चर्च मी लिहिलं. मला वाटलं, लोक हसतील त्यांना. त्या घाबरल्या नव्हत्या. त्यांना शेवटपर्यंत तुमचं अंडं हवं होतं."

मेरियलच्या कपाळावरून पावसाचं पाणी ओघळत होतं. तिनं ते पुसलं नाही.

"तेरा दिवस," ती म्हणाली. "तेरा दिवस मी रागावले होते तिच्यावर. रोज. चहा करताना, झोपताना. काल तर तिचा फोटो उलटा करून ठेवला मी."

"आय ॲम सॉरी."

"पाच अक्षरांचं स्पेलिंग होतं," मेरियल म्हणाली. आवाज चढला नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखी ती विचारत होती. "किती वेळ लागला असता तुम्हाला?"

मेरियलनं क्षणभर वाट पाहिली आणि मग ती वळून आपल्या माणसांत गेली. त्यांनी तिला मध्ये घेतलं. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती जी रडायला लागली ती एवढी मोठी बाई लहान मुलासारखी, आवाज काढून.

"चला, सोडतो तुम्हाला," मागून ग्लिन म्हणाला. त्याची काळी गाडी येऊन उभी राहिली होती. "या पावसात बसनं कुठं जाता? तुम्ही आता घरच्याच."

बस तासाभरानं होती. पाऊस वाढला होता, गवतावरच्या बायकांनी छत्र्या उघडल्या होत्या. दोनची ड्युटी होती. वैजयंती गाडीत बसली.

फाटकाजवळ रस्ता अरुंद होता. गाडीला वाट हवी म्हणून त्या सहाजणी मागं चिखलात सरकल्या. मेरियल सगळ्यात जवळ होती. गाडी अगदी अंगाशी आली, तेव्हा काचेला टोक लागू नये म्हणून तिनं आपली छत्री मिटली, आणि गाडी पूर्ण जाईपर्यंत ती तशीच, पावसात, छत्री छातीशी धरून उभी राहिली.