श्वासाचा मीटर

मित्रांनो, मी एक जुना व्हेंटिलेटर आहे. अतिदक्षता विभागात खिडकीजवळच्या खाटेशी माझी जागा. ज्याची छाती दमली, त्याला मी श्वास पुरवतो. आता माझं एक चाक कुरकुरतं, पण हवा देताना मी आजवर चुकलो नाही.

बरे झालेले लोक डॉक्टरांना हात जोडून जातात. माझ्याकडे कोणी वळून पाहत नाही. मी महाग आहे ना! माझं एका दिवसाचं भाडं ऐकून भलेभले मटकन खाली बसतात. वीज, ऑक्सिजन, नळ्या, औषधं, चोवीस तास जाग्या सिस्टर. नाही म्हटलं तरी खर्च होतोच.

एकदा एका टॅक्सीवाल्याची बायको माझ्याकडे आली. न्यूमोनिया झाला होता. आठव्या दिवशी ताप उतरला, ती शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, आता श्वास हिने घ्यायचा, मशीनने नुसता हातभार लावायचा. जमलं तर उद्या नळी काढू. तिकडे टॅक्सीवाल्याने गाडी विकायला काढली होती. आणखी आठवडा लागला असता, तर गाडी गेलीच असती.

पण झालं भलतंच. नवरा भेटायला आला की ती श्वास रोखून धरायची आणि मी बोंब ठोकायचो. दोन दिवस असंच चाललं. डॉक्टर म्हणाले, छाती अजून तयार नाही. नळी राहिली, भाडं चढत गेलं.

मोठ्या सिस्टरना काही चैन पडेना. एरवी बाई छान श्वास घेते, मग नेमकं भेटीच्या वेळीच काय होतं? तिसऱ्या दिवशी त्या शेजारच्या पडद्याआड औषध भरत उभ्या राहिल्या. टॅक्सीवाला माझ्या स्क्रीनवर डोळे लावून बायकोच्या कानाशी लागला होता.

"अगं, हळू घे. अठरा होता, बावीस झाला. मीटर पळतोय."

मला वाटलं, आता याची खरडपट्टी निघणार. पण सिस्टरनी स्टूल ओढलं.

"दादा, हा आकडा श्वासांचा आहे. मिनिटाला किती घेतले, ते दाखवतो. भाडं दिवसाचं असतं. वहिनींनी दोन घेतले काय नि वीस घेतले काय."

तो खाली मान घालून म्हणाला, "विचारायची लाज वाटली हो, सिस्टर."

"उभ्या गाडीचंही वेटिंग पडतं, हे तुम्हाला मी सांगायचं? घेऊ द्या त्यांना पोटभर."

नळीमुळे बाईला बोलता येत नव्हतं. पण हसू आवरेना, तिचे खांदे हलले आणि मी पुन्हा ओरडलो. या वेळी कोणी घाबरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी निघाली. खोकत खोकत तिने पहिलं विचारलं, "गाडी आहे ना?"

"आहे. खाली उभी केलीय," तो म्हणाला आणि डोळे पुसत बाहेर गेला.

मित्रांनो, मी श्वास मोजतो. पण बाई तो का रोखते, हे मला कळलं नाही. ते सिस्टरना कळलं. म्हणून मला जपा, माझ्या नळ्या स्वच्छ ठेवा, पण त्याहून जास्त अशा माणसांना जपा. आणि तुमचं माणूस माझ्यापाशी असेल, तेव्हा खर्च किती, कशाचा, अजून किती दिवस, सगळं विचारा. विचारण्याचे पैसे पडत नाहीत.