माझ्यात नसलेलं पान

मित्रांनो, मी इंग्रजी वाक्प्रचारांचा एक जुना कोश आहे. माझ्यामुळे एका भल्या मुलीची मान खाली गेली, ते सांगायला आज तोंड उघडतो आहे.

शहागंजातल्या जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून मोतीरामांनी मला घरी आणलं. ते गिरणीत कामाला होते. त्यांना स्वतःला इंग्रजी येत नव्हतं, पण मुलानं शिकावं म्हणून त्यांनी मला खाकी कव्हर घातलं आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवलं. रोज सकाळी ते माझ्यावरची धूळ पुसत.

त्यांचा मुलगा राजकुमार बारावीला बसला. इंग्रजीच्या पेपराला जाताना त्यानं माझं एक पान फाडलं आणि मोज्यात दडवलं. तो पास झाला. घरात पेढे वाटले गेले. पानाबद्दल कुणी विचारलं नाही.

वर्षं सरली. राजकुमारची मुलगी करुणा एका हॉटेलात रिसेप्शनला लागली. ती मला पिशवीतून सोबत नेई. मैत्रिणी म्हणत, "फोनमधी बघ की." ती म्हणे, "आज्याचं पुस्तक हाये. खोटं नाय सांगणार."

त्या हॉटेलात दोन परदेशी बायका उतरल्या होत्या. अजिंठ्याच्या चित्रांचा त्यांचा दोन वर्षांचा अभ्यास त्या दिवशी पुरा झाला होता. किल्ली घेताना थोरली हसून म्हणाली, "टुनाइट वी विल पेंट द टाउन रेड!"

'शहर लाल रंगवू' म्हणजे काय, हे बघायला करुणानं मला उघडलं. पानाच्या तळाशी तो वाक्प्रचार होता. अर्थ पुढच्या पानावर, आणि ते पानच माझ्यात नव्हतं. त्यापुढच्या पानाच्या माथ्यावर भलत्याच वाक्प्रचाराचा अर्थ होता : 'दंगा करणे, मोडतोड करणे.' तिनं तोच वाचला. मला ओरडता आलं नाही.

ती घाबरून मॅनेजर तनुजा मॅडमकडे धावली. मॅडमनी त्या दोघींना सगळ्यांदेखत बसवून ठेवलं, बॅगा उघडायला लावल्या. बॅगांत रंगांच्या पेट्या आणि चित्रांच्या वह्या निघाल्या. थोरलीचे डोळे भरून आले. मग कुणीतरी फोनवर अर्थ शोधला : 'शहरभर हिंडून जल्लोष करणे.' करुणाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी येऊन तिनं माझ्या पानांचे आकडे जुळवून पाहिले, मग मला बापापुढे ठेवलं. "आप्पा, हितलं पान कुठं गेलं?"

राजकुमारनं फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "मीच फाडलं व्हतं. कॉपीसाठी."

म्हातारे मोतीराम खाटेवरून म्हणाले, "मी रोज पुसत व्हतो त्याला. उघडून कधी बघितलं नाय."

सकाळी राजकुमार लेकीबरोबर हॉटेलात गेला. मी तिच्या पिशवीत होतो. त्या बायांपुढे त्याला वाक्य जुळेना. हात जोडून तो एवढंच म्हणाला, "माय मिस्टेक. नॉट डॉटर." थोरलीनं शेजारची खुर्ची ओढून त्याला बसवलं आणि करुणाचा हात हातात घेतला. पण दुपारी त्यांचं विमान होतं. त्यांचा जल्लोष राहून गेला तो गेलाच.

मित्रांनो, पुस्तकाचं पान फाडू नका. आणि फाटलंच असेल, तर निदान शेजारच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा, की इथं एक पान नाही. आम्हाला ते स्वतःहून सांगता येत नाही.